सांसेल्मोचा तो जून : मादाम क्युरी, त्यांची धाकटी लेक आणि उशिरा नाव सापडलेला आजार

पॅरिसच्या दक्षिणेला सो नावाचे एक गाव आहे. ६ जुलै १९३४ रोजी, शुक्रवारी दुपारी, तिथल्या दफनभूमीत एक शवपेटी पिएर क्युरींच्या शवपेटीवर ठेवली गेली. भाषणे झाली नाहीत, सरकारी लवाजमा नव्हता. घरची माणसे, प्रयोगशाळेतले सहकारी आणि थोडे स्नेही एवढेच जमले होते. वॉर्सॉहून आलेली बहीण ब्रोन्या आणि भाऊ युझेफ यांनी पोलंडहून आणलेली मूठभर माती त्या खड्ड्यात टाकली.

मादाम मारी क्युरींविषयी लिहायचे म्हटले की रेडियमची ती गळकी शेड, पिचब्लेंडचे ढिगारे आणि दोन नोबेल पारितोषिके यांपासून सुरुवात होते. तो भाग बहुतेकांना शाळेपासून पाठ असतो. हा धागा त्यांच्या अखेरच्या काही आठवड्यांचा आहे. त्यांना झालेल्या आजाराचा आहे. आणि त्याहून अधिक, त्या आठवड्यांत त्यांच्या उशाशी बसलेल्या व्यक्तीचा आहे, जिने आयुष्यात विज्ञानाचा एकही प्रयोग केला नाही.

ती व्यक्ती म्हणजे त्यांची धाकटी मुलगी एव्ह.

क्युरी दांपत्याला दोन मुली. थोरली इरीन, जन्म १८९७. धाकटी एव्ह, जन्म ६ डिसेंबर १९०४. एप्रिल १९०६ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून पिएर गेले, तेव्हा एव्ह अवघी १६ महिन्यांची होती. तिला वडील आठवणे शक्यच नव्हते. इरीन आईच्या वाटेने गेली. महायुद्धात क्ष-किरणांच्या गाड्यांवर आईबरोबर राबली, पुढे त्याच संस्थेत संशोधक झाली, तिथल्याच फ्रेडेरिक झोलिओशी तिने लग्न केले. जानेवारी १९३४ मध्ये या दोघांनी कृत्रिम किरणोत्साराचा शोध लावला. म्हणजे आईच्या मृत्यूआधी अवघे सहा महिने. त्या शोधाचे नोबेल १९३५ मध्ये मिळाले. ते पाहायला आई नव्हती, पण शोध मात्र तिने डोळ्यांनी पाहिला होता.

एव्हचा ओढा संगीताकडे. ती पियानो वाजवी, संगीतावर समीक्षा लिही. आईला तिचे उंच टाचांचे जोडे आणि रंगवलेले ओठ फारसे पसंत नव्हते, आणि दोघी त्यावरून एकमेकींना चिडवीतही असत. इरीनने संसार थाटला, एव्ह आईजवळच राहिली. त्यामुळे आईच्या दुखण्याखुपण्याचा भार बव्हंशी तिच्याकडे आला. १९२१ साली अमेरिकेच्या दौऱ्यात मादाम थकून गेल्या, तेव्हा समारंभांत आईच्या जागी उभे राहण्याचे काम दोघी मुलींनी केले होते. एव्ह तेव्हा १६ वर्षांची होती. पुढे मोतीबिंदूने मादामची दृष्टी जवळजवळ गेली. १९२३ ते १९३० या काळात त्यांच्या डोळ्यांवर चार शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांचा बोभाटा होऊ नये म्हणून रुग्णालयात खोटे नाव नोंदवले गेले. आंधळी होत चाललेली शास्त्रज्ञ आपल्या टिपणवह्यांवर मोठमोठी अक्षरे काढते आहे, उपकरणांच्या तबकड्यांवर रंगीत खुणा करते आहे, आणि हे कोणाला कळू नये म्हणून दोन्ही मुली तिच्या लपवाछपवीत सामील आहेत, असे ते घर होते. १९३४ च्या जूनमध्ये एव्हने जे केले त्याची तालीम अशी दहा वर्षे आधीपासून चालली होती.

आता त्या आजाराकडे.

आपल्याकडे ॲनिमिया म्हटला की बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोखंडी कढई डोळ्यांसमोर येते. ॲप्लास्टिक ॲनिमिया हे नावाने त्याचे भावंड, पण त्याचा स्वभाव अगदी वेगळा. साध्या रक्तक्षयात रक्त तयार करणारा कारखाना शाबूत असतो, फक्त लोहासारखा कच्चा माल कमी पडतो. इथे कारखानाच बंद पडतो. हाडांच्या पोकळीतली अस्थिमज्जा हा तो कारखाना. तिथे तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स अशा तिन्ही जाती घडतात. मज्जा ओस पडली की तिन्ही एकदम ओसरू लागतात. तांबड्या पेशी कमी झाल्या की चार पावलांत धाप लागते. प्लेटलेट्स कमी झाल्या की हिरड्यांतून रक्त येते, कातडीवर निळे डाग उठतात. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की निरोगी माणूस शिंकेसरशी परतवून लावील असा जंतू ज्वर होऊन अंगात ठाण मांडतो.

१८८८ साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी या आजाराचे पहिले नीट वर्णन केले. त्यांची रुग्ण एक तरुण गर्भवती होती. तिच्या मृत्यूनंतर मांडीचे हाड उघडले, तेव्हा जिथे तांबडी मज्जा असायला हवी तिथे पिवळी चरबी निघाली. ‘ॲप्लास्टिक’ हे विशेषण त्याला जोडले गेले १९०४ साली आणि तेही पॅरिसमध्ये. एव्हचा जन्मही त्याच वर्षीचा, त्याच शहरातला. योगायोगच, त्यातून काही सिद्ध होत नाही.

हा आजार का होतो याची कारणे अनेक. काही औषधे, बेंझीनसारखी रसायने, काही विषाणू, आणि बहुसंख्य रुग्णांत आपल्याच प्रतिकारशक्तीने आपल्याच मज्जेवर धरलेला दात. ही शेवटची गोष्ट १९३४ मध्ये कोणालाही ठाऊक नव्हती. आणखी एक कारण मात्र तेव्हा हळूहळू उघड होऊ लागले होते, ते म्हणजे किरणोत्सार.

१९३४ चे ईस्टर मादामनी ब्रोन्याबरोबर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर घालवले. हिंडण्याफिरण्याची हौस फार, पण तिकडच्या घरात थंडी बाधली आणि त्या बहिणीच्या गळ्यात पडून रडल्या. पुस्तक पुरे होईल की नाही, ही चिंता. (किरणोत्सारावरचा त्यांचा तो मोठा ग्रंथ त्यांच्या मागे, १९३५ साली प्रसिद्ध झाला.) ब्रोन्या वॉर्सॉला परतली. मे महिन्यात एके दुपारी प्रयोगशाळेत काम करता करता आपल्याला ताप आहे, आपण घरी जातो, असे त्या म्हणाल्या. जाता जाता बागेतला एक गुलाबाचा वेल सुकलेला दिसला, त्याच्याकडे लक्ष द्यायला त्यांनी सांगितले. त्या प्रयोगशाळेत त्या पुन्हा आल्या नाहीत.

मग सुरू झाले निदानाचे फेरे. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अशा आजारात धावपळ केली आहे त्यांना हा भाग ओळखीचा वाटेल. एक म्हणतो फ्लू, दुसरा म्हणतो श्वासनलिकेची सूज. ताप उतरत नाही. मादामची आई त्यांच्या बालपणी, १८७८ साली, क्षयाने गेली होती. क्ष-किरण तपासणीत फुप्फुसांवर जुन्या खुणांसारखे काही दिसले. पॅरिसमधले नामवंत वैद्य सल्लामसलतीला बसले आणि जुना क्षय उलटला असावा, डोंगरावरच्या हवेत न्यावे, असे ठरले. त्या काळी क्षयाला औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपचार, आणि त्यासाठी आल्प्सच्या उतारांवर आरोग्यधामे उभी होती. फ्रान्सच्या ओत-साव्हॉय भागातल्या पासी गावचे सांसेल्मो हे त्यांपैकी एक. समोर माँ ब्लाँचे शिखर.

इथे एव्हपुढचा पेच पाहण्यासारखा आहे. ती २९ वर्षांची, वैद्यकाचे शिक्षण नाही. आईची अवस्था प्रवास सोसेल अशी नाही, हे तिला दिसत होते. पण देशातले सर्वांत मोठे वैद्य ‘न्या’ म्हणत होते. तज्ज्ञांनी एकमुखाने सांगितलेले नाकारायचे आणि पुढे काही बरेवाईट झाले तर? तिने आईला नेले. आगगाडीने सां-झेर्व्हेपर्यंतचा तो प्रवास फार यातनामय झाला. गाडीतच मादाम मुलीच्या आणि परिचारिकेच्या हातांत शुद्ध हरपून कोसळल्या. सांसेल्मोला पोचल्यावर नव्याने क्ष-किरण चित्रे काढली गेली आणि फुप्फुसे निर्दोष निघाली. प्रवास व्यर्थ गेला होता.

ताप ४० अंशांच्या वर. जिनिव्हाहून प्राध्यापक रॉश यांना बोलावले. त्यांनी रक्ताच्या तपासण्या ताडून पाहिल्या. तांबड्या आणि पांढऱ्या, दोन्ही पेशी वेगाने घसरत होत्या. विकाराचे नाव अखेर ठरले : अत्यंत उग्र स्वरूपाचा घातक रक्तक्षय. मेच्या तापापासून हे नाव सापडायला आठवड्यांमागून आठवडे गेले, आणि सापडले तेव्हा त्या नावाचा उपयोग नव्हता, कारण त्यावर उपायच नव्हता.

नाव कळल्यावर ते रुग्णाला सांगायचे की नाही?

ती गोष्ट आईपासून लपवायची असे ठरले. पण हा रुग्ण कोण होता ते ध्यानात घ्यायला हवे. ज्या बाईने उभे आयुष्य सूक्ष्म मोजमापे घेण्यात घालवले, तिच्यापासून तापमापकावरचा आकडा कसा लपवणार? मादाम दरवेळी पारा कुठवर चढला ते स्वतः पाहत. आकडा पाहून काही बोलत नसत, पण डोळ्यांत भीती उमटे, असे एव्हने पुढे लिहून ठेवले. पित्ताशयात खडे झाले असावेत आणि शस्त्रक्रिया करावी लागेल, या शंकेने मादाम घाबरल्या होत्या. शस्त्रक्रियेची गरज नाही एवढे तरी खरे वैद्यांना सांगता आले आणि तेवढ्याने त्यांचा जीव हलका झाला. आईपुढे चेहरा नीट ठेवायचा आणि खोलीबाहेर पडल्यावर रडायचे, हे एव्हचे काम. आप्तांनी एकाएकी गर्दी केली तर आईला कळून चुकेल, म्हणून तेही जपून.

आजच्या दृष्टीने या लपवाछपवीवर बोट ठेवणे सोपे आहे. रुग्णाला सत्य जाणण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व आज वैद्यकात रुजले आहे. १९३४ च्या युरोपात मात्र बरा न होणारा आजार रुग्णाला न सांगणे हाच शिष्टाचार होता. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही तोच पाळला जातो. फरक इतकाच की या घरात लपवणारीला आपण काय लपवतो आहोत ते पुरते समजत नव्हते आणि जिच्यापासून लपवायचे ती त्या विषयातली जगातली सर्वांत मोठी जाणकार होती.

३ जुलैच्या सकाळी मादामनी थरथरत्या हातात तापमापक धरून तो स्वतः वाचला. पारा उतरला होता. त्यांना आनंद झाला. हा औषधांचा गुण नव्हे, डोंगरावरच्या हवेचा आहे, असे त्या म्हणाल्या. मृत्यूपूर्वी अनेकदा ताप असा उतरतो, हे एव्हला सांगितले गेले होते. पुढच्या तासांत जाणीव पुसट होत गेली. चहाच्या पेल्यात चमचा ढवळता ढवळता, तो जणू प्रयोगशाळेतली काचेची कांडी आहे अशा तऱ्हेने, हे रेडियमपासून केले की मेसोथोरियमपासून, असे त्यांनी विचारले. मुलीची आणि माणसांची नावे ओठांवरून गेली होती, मूलद्रव्यांची राहिली होती. कोणी टोचायला आले तर त्यांना ते नको होते. एका बाजूला एक वैद्य, दुसऱ्या बाजूला एव्ह, दोघांनी त्यांचे गार पडत चाललेले हात धरले होते. ४ जुलैच्या पहाटे सारे संपले. वय ६६.

सांसेल्मोचे प्रमुख डॉ. तोबे यांनी आपल्या अहवालात कारण नोंदवले : तापासह वेगाने वाढलेला ॲप्लास्टिक घातक रक्तक्षय. मज्जेने प्रतिसाद दिला नाही आणि दीर्घकाळ साचत गेलेल्या किरणांनी तिला बहुधा इजा झाली असावी, असेही त्यांनी जोडले.

इथे जरा थांबून साधनांविषयी बोलायला हवे. वर आलेले बहुतेक सारे खोलीतले तपशील एकाच साधनावर उभे आहेत, ते म्हणजे एव्हने लिहिलेले आईचे चरित्र. ते १९३७ साली प्रसिद्ध झाले, लगोलग अनेक भाषांत गेले, १९४३ साली त्यावर हॉलिवूडचा चित्रपट आला. जगाला माहीत असलेल्या ‘मादाम क्युरी’ मोठ्या प्रमाणात याच पुस्तकाने घडवल्या. पण हे लेकीने आईवर, तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांत लिहिलेले पुस्तक आहे. पॉल लांजव्हँ यांच्याशी असलेल्या संबंधांवरून १९११ साली पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी उठवलेले वादळ त्यात जेमतेम सूचित होते. आईची प्रतिमा जपणे हा लेखनामागचा एक हेतू होता, हे उघड आहे. म्हणून हे साधन टाकाऊ ठरत नाही. जिथे पुस्तक आईला देव्हाऱ्यात बसवते तिथे सावध राहावे. जिथे ती रडते, घाबरते, चिडून औषध झिडकारते, तिथे त्यावर अधिक भरवसा ठेवावा. मूर्ती घडवू पाहणारा लेखक असे तपशील उगीच घालत नाही.

मादामना धोका माहीत नव्हता का? या प्रश्नाचे उत्तर ‘नव्हता’ असे देऊन मोकळे होता येत नाही.

१९२५ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये किरणोत्सारी द्रव्यांवर काम करणारे दोन अभियंते काही दिवसांच्या अंतराने रक्ताच्या विकारांनी गेले. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातले वैद्य हॅरिसन मार्टलंड यांनी घड्याळाच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत आणि दर वेळी रेडियमचा कण पोटात जाई. कोणाचा जबडा सडला, कोणाला भयंकर रक्तक्षय झाला. त्यांतल्या पाच जणींनी कंपनीवर दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. तेव्हा मादामनी सहानुभूती व्यक्त केली, पण एकदा शरीरात शिरलेले रेडियम नष्ट करण्याचा कोणताही मार्ग नाही हेही सांगून टाकले. त्यांच्या स्वतःच्या संस्थेत कामगारांच्या रक्ताची तपासणी होई. इतरांना त्या शिशाचा आडोसा घ्यायला लावीत. स्वतःच्या बाबतीत मात्र त्या निष्काळजी होत्या. भाजून कडक झालेली बोटे, कानांत गुणगुण, जाणारी दृष्टी ही लक्षणे त्यांनी पाहिली होती, बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी डोळ्यांच्या आणि कानांच्या त्रासाचा संबंध रेडियमशी असू शकेल अशी शंकाही व्यक्त केली होती. जे दुसऱ्याच्या बाबतीत निष्कर्ष ठरले असते ते स्वतःच्या बाबतीत शंका म्हणूनच राहू दिले गेले.

आता १९३४ चे वैद्यक नेमके कुठे होते ते पाहू, कारण त्याशिवाय एव्हची असहायता समजणार नाही.

त्याच वर्षीचे वैद्यकाचे नोबेल कशासाठी मिळाले असेल? घातक रक्तक्षयावरील उपचारासाठी. व्हिपल, मायनट आणि मर्फी या तीन अमेरिकनांनी दाखवले होते की भरपूर यकृत खाऊ घातल्याने ‘पर्निशस ॲनिमिया’ हा तोवर प्राणघातक असलेला आजार आटोक्यात येतो. पारितोषिक जाहीर झाले ते मादाम गेल्यानंतर काही महिन्यांनी. पण त्यांच्या आजाराच्या नावात ‘घातक’ हा शब्द असला तरी तो आजार निराळा होता. यकृतात जे होते, म्हणजे पुढे ज्याला ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ म्हणून ओळखले गेले, ते कच्च्या मालासारखे. चालू कारखान्याला त्याचा उपयोग. ओस पडलेल्या मज्जेला नाही.

रक्तक्षयाच्या या शोधपर्वाचा एक धागा मुंबईतून जातो, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरणगावातल्या गरोदर कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयावर काम करू लागली. या बायकांना यकृताचे महागडे अर्क परवडण्यासारखे नव्हते. विल्सना आढळले की यीस्टपासून केलेल्या मारमाइटसारख्या स्वस्त पदार्थाने त्यांचे रक्त सुधारते. हे संशोधन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अनोळखी घटकाला बरीच वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. तेच आजचे फोलिक ॲसिड. पॅरिसमधली जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ तिच्या रक्तक्षयाने गेली आणि परळच्या गिरणीतली निनावी बाई तिच्या रक्तक्षयातून वाचू शकली, ती तीन वर्षे आधी. आजार वेगवेगळे होते हे खरे, पण ‘मोठ्या माणसाला मोठा उपचार’ या समजुतीला इतिहास फारशी दाद देत नाही.

१९३४ मध्ये प्रतिजैविके नव्हती. मज्जेचा नमुना उरोस्थीतून सुईने काढण्याची युक्ती रशियातल्या आरिंकिन यांनी नुकतीच, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, शोधली होती. रक्तगट १९०१ पासून माहीत होते, पण रक्त साठवून ठेवणाऱ्या पेढ्या अजून रुळायच्या होत्या. पेशी मोजता येत होत्या. त्या वाढवता येत नव्हत्या.

पुढचा पल्ला विलक्षण आहे आणि त्याचा एक मोठा टप्पा क्युरींच्याच नावाच्या इमारतीत पार पडला.

१७ मार्च १९५६ रोजी इरीन रक्ताच्या कर्करोगाने गेली, वय ५८. पॅरिसच्या क्युरी रुग्णालयात. अडीच वर्षांनी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, युगोस्लाव्हियातल्या व्हिंचा येथील अणुभट्टीत अपघात झाला आणि भाजलेले सहा शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ विमानाने याच क्युरी रुग्णालयात आणले गेले. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या या माणसांच्या मज्जा किरणांनी जळत चालल्या होत्या, म्हणजे मादामना जे वर्षानुवर्षांत झाले ते यांना मिनिटांत झाले होते. डॉ. जॉर्ज माते यांनी पाच जणांना परक्या फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. देणाऱ्यांत चार मुलांची एक आईही होती. तेव्हा मज्जा काढून देणे हाच मोठा धोका समजला जाई, आणि त्यांना त्या रुग्णांची भाषाही येत नव्हती. एक रुग्ण दगावला, बाकीचे आपल्या घरी परतले. दिलेल्या मज्जेने त्यांना वाचवले की आपली मज्जा सावरेपर्यंत वेळ मिळवून दिला, यावर नंतर बराच खल झाला. पण वाट उघडली. अमेरिकेत डॉनल टॉमस १९५७ पासून याच मार्गाने चालले होते, त्यांना १९९० चे नोबेल मिळाले. भारतात पहिले मज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले.

आता पुन्हा वृद्ध आईबापांकडे येऊ, कारण मज्जारोपण हे मुख्यतः तरुणांचे औषध राहिले. साठीपलीकडच्या शरीराला ते सोसणे कठीण. त्यांच्यासाठी वाट निघाली ती मघा सांगितलेल्या दुसऱ्या कारणातून, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मज्जेवर उलटते या समजुतीतून. १९७० च्या दशकात असे दिसले की रोपणापूर्वी प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिलेल्या औषधानेच काही रुग्णांची स्वतःची मज्जा जागी झाली. हे औषध म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्ये, ‘एटीजी’. सर्पदंशावरची लस जशी घोड्यांना विष टोचून त्यांच्या रक्तातून मिळवतात, तसेच इथे घोड्याला माणसाच्या पेशी टोचतात. परळच्या हाफकिनची घोड्यांची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. त्याच्या जोडीला आले सायक्लोस्पोरिन, नॉर्वेतल्या एका पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीपासून निघालेले. आणि गेल्या दशकात एल्ट्रोम्बोपॅग, मज्जेतल्या मूळ पेशींना डिवचणारी गोळी. ज्या आजारात १९३४ साली फक्त हात धरून बसता येत होते, त्यातून आज बरेच ज्येष्ठ रुग्णही सावरतात.

पण शेजारी बसलेल्या माणसाचे काम मात्र फारसे बदललेले नाही. एटीजीचा गुण यायला महिने लागतात. तोवर रक्त आणि प्लेटलेट्सच्या पिशव्यांसाठी दाते जुळवायचे, कच्चे काही खाऊ द्यायचे नाही, भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवून वाईटपणा घ्यायचा, आणि तापमापक जवळ ठेवायचा. पांढऱ्या पेशी तळाला असताना ३८ अंशांच्या वरचा ताप म्हणजे रात्र असो की मध्यरात्र, तातडीने रुग्णालय. पारा वाचणे ही एव्हच्या हातात असलेली एकमेव गोष्ट होती. आज त्या आकड्यावर काहीतरी करता येते.

एव्हने पुढे युद्धवार्ताहर म्हणून जग पालथे घातले, १९४२ साली ती भारतातही आली, गांधी-नेहरूंना भेटली. तिचे पती हेन्री लॅबुईस युनिसेफचे प्रमुख होते आणि १९६५ मध्ये त्या संस्थेचे शांततेचे नोबेल त्यांनीच स्वीकारले. आईवडील, बहीण, मेहुणा आणि पती यांच्या नोबेलांमध्ये आपण एकट्याच कोऱ्या राहिलो, असे एव्ह गमतीने म्हणत. त्या २००७ साली न्यूयॉर्कमध्ये वारल्या, वयाच्या १०२ व्या वर्षी. त्या घरात प्रयोगशाळेपासून दूर राहिलेल्या त्या एकट्याच.

त्याआधी १९९५ मध्ये एक गोष्ट घडली. मारी आणि पिएर यांचे अवशेष सोहून पॅरिसच्या पाँतेऑनमध्ये हलवायचे ठरले. कबर उघडताना फ्रान्सच्या किरणोत्सार-संरक्षण खात्याचे तज्ज्ञ उपस्थित होते. मादामची पेटी लाकडाची, तिच्यात शिशाची, तिच्यात पुन्हा लाकडाची निघाली. आत जंतरमंतर चमकणारे काही नव्हते. मोजलेला किरणोत्सार अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरला. त्यावरून तज्ज्ञांचे मत असे पडले की शरीरात शिरलेल्या रेडियमने मृत्यू ओढवला असण्याची शक्यता कमी, दोष बहुधा महायुद्धातल्या क्ष-किरणांचा असावा. १९१४ ते १९१८ या काळात जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधण्यासाठी मादामनी मोटारगाड्यांवर क्ष-किरण यंत्रे चढवली होती, सुमारे २०० स्थिर केंद्रे उभारली होती आणि कित्येकदा आडोशाशिवाय स्वतः त्या यंत्रांपाशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या वह्या अजूनही शिशाच्या पेट्यांत आहेत आणि रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असल्याने पुढेही राहतील. पण रुग्णशय्येवरचे कारण कदाचित त्या वह्यांत नसून आघाडीवरच्या त्या गाड्यांत होते, जिथे १७-१८ वर्षांची इरीनही आईच्या शेजारी उभी होती.

२० एप्रिल १९९५ च्या पाँतेऑनमधल्या समारंभाला फ्रान्स आणि पोलंड या दोन्ही देशांचे राष्ट्राध्यक्ष हजर होते. त्यांच्याजवळच ९० वर्षांच्या एव्ह बसल्या होत्या. आईच्या अंत्यविधीला त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या.